झाकली मूठ, उघडी वही

'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण शाळेत आम्हांला अर्थ सांगून वाक्यात उपयोग करण्यासाठी पाठ करावी लागे. हातात काही नसताना ते लोकांना कळू न देणे, असा तिचा अर्थ मी उत्तरपत्रिकेत लिहीत असे आणि मला पूर्ण गुण मिळत. पुढे आयुष्याने याच म्हणीचा दुसरा एक अर्थ मला शिकवला. तो समजायला माझी चाळिशी उजाडावी लागली, आणि समजल्यावरही तो आचरणात आणणे किती अवघड आहे, हे तर साठी उलटल्यावर कळले.

माझे गाव मोपा. पेडणे तालुक्याच्या ईशान्येचे, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून असलेले. आज हे नाव विमानतळामुळे सर्वांच्या तोंडी आहे. पण माझ्या लहानपणी म्हापशाच्या माणसालाही ते समजावून सांगावे लागे. जांभ्या दगडाचा विस्तीर्ण सडा, उतारावर काजूच्या बागा, खाली खाचरांतील भात आणि चार-दोन ठिकाणी विखुरलेले वाडे, एवढेच आमचे जग. १७८८ साली पेडणे पोर्तुगिजांच्या ताब्यात गेले आणि १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाले. मधल्या काळात शिक्षण म्हणजे देवळाच्या मंडपात किंवा कुणाच्या पडवीत बसणारी पंतोजींची शाळा. मुक्तीच्या वेळी मी दोन वर्षांचा होतो. भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव मराठी प्राथमिक शाळा काढल्या, म्हणून मी पाटी हाती धरू शकलो. पण चौथीनंतर पुढे काय, हा प्रश्न आमच्यासारख्या घरांपुढे उभाच राही. सडा उतरून पेडण्याकडे रोज चालत जायचे, तर पायांना त्याचे काही नव्हते. फी, पुस्तके आणि गणवेश यांचे काय, हा खरा प्रश्न होता.

सातवीपर्यंत कसेबसे निभावले. वडील दुसऱ्याच्या काजूबागेत राबत. १९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. धान्याची ओढाताण इकडेही जाणवू लागली. मी आठवीत होतो. दोन महिन्यांची फी थकली होती आणि आता शाळा सुटणार, हे मी मनाशी धरून चाललो होतो. अशा वेळी एके दिवशी शाळा सुटल्यावर हेडमास्तरांनी मला बोलावले. टपाल कचेरीतून पोस्टकार्डे आणायची आहेत, असे वर्गात सर्वांसमोर सांगितले. खोलीत गेल्यावर त्यांनी दार लोटले, टेबलावरचे पुडके माझ्यापुढे सरकवले आणि म्हणाले, "तुला शिष्यवृत्ती लागली आहे. फी भरलेली आहे. ही पुस्तके ने. अभ्यासात मात्र ढिलाई चालणार नाही."

मी घरी धावतच गेलो. शिष्यवृत्ती लागली! अकरावी होईपर्यंत ती मला दरवर्षी लागत राहिली. पुढे सावंतवाडीच्या कॉलेजातून मी पदवी घेतली, सरकारी नोकरीत शिरलो, आणि मुलाखतीच्या अर्जात 'शालेय शिष्यवृत्ती' असा उल्लेखही अभिमानाने केला. मी हुशार होतो म्हणून मला शिष्यवृत्ती मिळाली, या समजुतीवर माझा सारा आत्मविश्वास उभा होता.

१९९८ साली हेडमास्तर वारले. त्यांच्या मुलाने घर आवरताना सापडलेली एक लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची वही माझ्याकडे आणून दिली. "तुम्ही सरकारी हिशेबातले. बघा काही कळते का." ती वही मी त्या रात्री वाचली. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च. जमेच्या बाजूला वाड्यांची नावे, त्यांपुढे तांदूळ इतके पायली, नाचणी इतकी पायली, बांद्याच्या बाजारात विक्री इतके रुपये. खर्चाच्या बाजूला मात्र एकही नाव नव्हते. 'फी: मोपा, एक.' 'पुस्तके: मोपा, एक, वारखंड, एक.' 'गणवेश: चांदेल, एक.' आणि प्रत्येक वर्षाच्या शेवटी एक ओळ: 'हा हिशेब मंडपात सर्वांसमोर वाचून दाखवला.' तिच्याखाली सह्या आणि अंगठे.

१९७२ सालचे पान मी पुन्हा पुन्हा पाहिले. 'मोपा, एक' म्हणजे मी. शिष्यवृत्ती वगैरे काही नव्हती. आणि त्याच पानाच्या तळाशी, अंगठ्यांच्या रांगेत, माझ्या आईचा अंगठा होता.

तेव्हा मला चुलीशेजारचे ते छोटे मडके आठवले. आई रोज वैरायला तांदूळ घेतले की त्यांतली एक मूठ त्या मडक्यात टाकी. तांदूळ नसतील त्या दिवशी नाचणीची मूठ. महिन्यातून एकदा एक मुलगा पोते घेऊन येई आणि मडके रिकामे करून जाई. देवाकार्याचे असेल, असे मी समजत होतो. आई त्या वेळी हयात होती. मी वही घेऊन गावी गेलो आणि तिला विचारले, "आई, तुला ठाऊक होते?" ती म्हणाली, "हिशेब वाचायचे तेव्हा 'एक' म्हणायचे. कोण ते विचारायचे नाही, असा नेम होता. मी विचारले नाही." तिने ओळखले होते की नव्हते, हे तिच्या चेहऱ्यावरून मला त्या दिवशी कळले नाही. नंतरही कधी कळले नाही.

मूठभर धान्यावर शाळा चालवण्याची ही कल्पना आमच्या हेडमास्तरांची स्वतःची नव्हती. पणजीतील मुष्टिफंड या जुन्या शिक्षणसंस्थेच्या नावातच ती मूठ आहे. १९१० साली पोर्तुगालमध्ये राजसत्ता जाऊन प्रजासत्ताक आले आणि गोव्यातील हिंदू समाजाला नागरी हक्कांचा मोकळा श्वास मिळाला. १९११ मध्ये फोंड्याला दादा वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यालय काढले, त्याला प्रजासत्ताकाचे पुढारी आंतोनियो जुझे द आल्मेदा यांचे नाव दिले. सरकारच्या तिजोरीकडे न पाहता समाजाने स्वतःच्या कनवटीला हात घालून शाळा चालवण्याचा तो काळ. त्याच सुमारास घाटावरही हेच घडत होते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहांची मालिका उभी केली. १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापली, १९२४ मध्ये ती साताऱ्यास आली, आणि तिथल्या बोर्डिंगातील मुले उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले, हे आपण सारे जाणतो.

या इतिहासातील त्यागाकडे आपले लक्ष सहज जाते. घेणाऱ्या मुलाला कसे वाटत असेल, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो. पुण्यात गरीब मुले वार लावून जेवत, माधुकरी मागत. त्या अन्नावर मोठमोठी माणसे घडली, हे खरेच. परंतु सोमवारी एका घरी आणि मंगळवारी दुसऱ्या घरी पान मांडले जाण्याची वाट पाहत ओसरीवर बसलेल्या मुलाचे मन त्याच्या चरित्रात फारसे येत नाही; आणि आलेच तर हसत हसत सांगितलेल्या एखाद्या आठवणीआड दडून येते. पुण्यातील अनाथ विद्यार्थी गृह ही संस्था १९०९ सालची. पुढे तिने नावातील 'अनाथ' हा शब्द काढून टाकला आणि ती पुणे विद्यार्थी गृह झाली. मला हा नामबदल फार मोलाचा वाटतो. संस्थेच्या पाटीवरचा एक शब्द उतरला. त्यासरशी तिथून शिकून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या दाखल्यावरचा एक डाग पुसला गेला. भाऊरावांनी यावर आणखी एक उपाय काढला होता. त्यांची मुले बोर्डिंगात राबत, स्वतः कमावून शिकत. १९५५ साली अच्युतराव आपट्यांनी पुण्यात स्थापलेल्या विद्यार्थी सहायक समितीनेही 'कमवा आणि शिका' हाच मार्ग धरला. राबून शिकणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही. आमच्या हेडमास्तरांचा मार्ग याहून निराळा होता. घेणारे घर आणि देणारे घर यांत त्यांनी भेदच ठेवला नाही. मूठ सर्वांनी टाकायची. त्यातून कुणाला किती गेले, ते दोघांनाच ठाऊक.

आता माझ्या स्वतःच्या नोकरीतील एक गोष्ट सांगतो. ती आजवर मी कुणाला सांगितलेली नाही.

वही हाती येण्याच्या दोन-तीन वर्षे आधीची ही गोष्ट. मी एका कार्यालयात अधिकारी होतो. कोणते ते महत्त्वाचे नाही. चूक माझी होती. आधार गमावलेल्या विद्यार्थ्यांना मदतीचे धनादेश वाटण्याचा समारंभ एका तालुक्याच्या गावी ठेवला होता. यादी मी तयार केली. नाव, इयत्ता, गाव आणि 'वडील मयत', 'वडिलांनी टाकलेली', 'निराधार' असा शेरा. तो रकाना कार्यालयापुरता होता. पण निवेदकाच्या हाती मी तीच यादी दिली. ध्वनिक्षेपकावरून प्रत्येक नाव शेऱ्यासकट वाचले गेले. मुले एकामागून एक व्यासपीठावर येत, पाहुण्यांच्या पाया पडत, छायाचित्रासाठी थांबत आणि खाली जात. एका मुलीचे नाव तीन वेळा पुकारले गेले. तेरा-चौदा वर्षांची असेल. ती तिसऱ्या रांगेत बसलेली मला दिसत होती. अर्ज घेऊन आली तेव्हा मी तिला पाहिले होते. ती उठली नाही. तिने समोरच्या खुर्चीच्या पाठीवर कपाळ टेकले होते. आजूबाजूच्या मुलींनी तिला कोपराने ढोसले. तरी ती उठली नाही.

धनादेश स्वतः उपस्थित राहून, सही करून घ्यायचा, असा नियम. मी यादीत तिच्या नावापुढे 'अनुपस्थित' असे लिहिले. एकतीस मार्चला न वाटलेली रक्कम तिजोरीत परत गेली. नियमाप्रमाणे सारे बिनचूक होते. तिसऱ्या रांगेत बसलेल्या मुलीला मी माझ्या अक्षरात अनुपस्थित ठरवले, एवढेच. लाल वही वाचली त्या रात्री मला झोप आली नाही. तिला कारण माझी ती बनावट शिष्यवृत्ती नव्हती. ती मुलगी होती. माझ्या वेळी दार लोटून घेणारा एक माणूस भेटला होता. तिच्या वेळी त्या खुर्चीवर मी बसलो होतो, आणि मी दार सताड उघडे टाकले होते.

तेव्हापासून मी सरकारी योजनांकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो. योजना वाईट नसतात. किंबहुना मूठभर तांदळांनी जे शंभर वर्षांत झाले नसते, ते त्यांनी केले. मध्यान्ह आहार, पाठ्यपुस्तके, शाळेत नेणाऱ्या गाड्या, २००९ चा शिक्षणहक्क कायदा, हे सारे हक्काचे आहे. त्यात उपकार नाही आणि म्हणून लाजही नाही. आता पैसे थेट बँकेच्या खात्यात जमा होतात, व्यासपीठावर चढावे लागत नाही, हेही चांगलेच. परंतु योजनेचा हात ठरावीक मापाचा असतो. मामलेदार कचेरीतून उत्पन्नाचा दाखला हवा, पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला हवा. ज्याचे वडील मेले नाहीत, टाकूनही गेले नाहीत, केवळ दारूत बुडाले आहेत, त्याच्यासाठी रकानाच नसतो. दुसऱ्या राज्यातून मजुरीला आलेल्याच्या मुलापाशी पंधरा वर्षे नसतात. योजनेचा हात जिथे पोचत नाही, तिथे अजूनही कुणाच्या तरी मुठीची गरज लागते.

आणि आज मुठी पुष्कळ आहेत. २०१६ च्या नोव्हेंबरात मोप्याच्या सड्यावर विमानतळाची कोनशिला बसली, ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटन होऊन त्याला मनोहर पर्रीकरांचे नाव मिळाले आणि २०२३ च्या जानेवारीत विमाने उतरू लागली. कुणाच्या जमिनी गेल्या, कुणाला मोबदला मिळाला, कुणाचा खटला अजून मनात चालू आहे. ज्या सड्यावर धनगरांची गुरे चरत, तिथे आता रात्रभर दिवे जळतात. पैसा आला, तसा दानधर्मही आला. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करण्याची जबाबदारी टाकली आहे, आणि त्या कार्यांत शिक्षणाचा समावेश आहे. शाळांना संगणक मिळतात, मुलांना दप्तरे मिळतात. हे सारे स्वागतार्ह आहे. पण दप्तरावर देणाऱ्याचे नाव ठळक छापलेले असते, आणि मुलगा ते नाव वर्षभर पाठीवर वाहतो. दप्तर देतानाचे छायाचित्र त्याच संध्याकाळी गावभराच्या मोबाइलवर फिरते. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख प्रसिद्ध करण्यास बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ ने बंदी घातली आहे. पण साध्या गरीब मुलाचे तोंड झाकणारा कायदा कुठला? ते काम देणाऱ्याच्या सभ्यतेवर सोडलेले आहे.

आमच्या हेडमास्तरांच्या वहीत मुलाचे नाव झाकलेले होते आणि हिशेब उघडा होता. आज पुष्कळदा मुलाचा चेहरा उघडा असतो आणि हिशेब कुणी कुणाला वाचून दाखवत नाही. एवढाच फरक मला दिसतो. पण तो मला फार मोठा वाटतो.

२०१९ साली मी निवृत्त झालो. आम्ही नऊ जणांनी, त्यांत दोन निवृत्त शिक्षिका, एक पोस्टमन, एक बागायतदार, जुन्या धर्तीवर एक छोटा निधी सुरू केला. नियम तीनच. कुणीही द्यावे, दहा रुपयेही चालतील. कुणाला दिले ते दोघांनाच ठाऊक. दसऱ्याला मंडपात वही मोठ्याने वाचायची. दुसऱ्याच वर्षी कोरोनाने शाळा बंद केल्या आणि मुले सड्यावर चढून मोबाइलची रेंज शोधू लागली. तेव्हा आम्ही जुने फोन दुरुस्त करून दिले. वहीत लिहिले: 'फोन: सात.'

२०२३ साली आमच्या नियमांची कसोटी लागली. गावातलाच, बांधकामाच्या कंत्राटात वर आलेला एक तरुण आमच्याकडे आला. अडीच लाख रुपये द्यायची त्याची तयारी होती. अट एकच: छोटा कार्यक्रम, मुले व्यासपीठावर, मोठ्या आकाराचा धनादेश, वर्तमानपत्रात फोटो. तो वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "काका, फोटो माझ्यासाठी नको आहे असे मी म्हणणार नाही, पण तो बघून आणखी चार जण देतील. तुमची वही मंडपाबाहेर कोण वाचतो?" या प्रश्नाला माझ्यापाशी चांगले उत्तर नव्हते. आजही नाही. त्याच महिन्यात परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळालेली एक मुलगी आमच्या यादीत होती. तिची फी आमच्या निधीच्या आवाक्याबाहेर होती.

आम्ही नऊ जण दोन संध्याकाळी वाद घालत बसलो. एक शिक्षिका म्हणाल्या, "अर्ध्या तासाची लाज आणि जन्माची भाकरी. मी भाकरी निवडीन." मी तिसऱ्या रांगेतल्या मुलीबद्दल बोलणार होतो, पण शब्द फुटले नाहीत. मी फक्त विरोधात मत दिले. पाच विरुद्ध चार अशा मतांनी आम्ही ती देणगी नाकारली. त्या तरुणाला आम्ही दसऱ्याला हिशेब ऐकायला येण्याचे आमंत्रण दिले; तो आला नाही. त्याने ते पैसे दुसरीकडे दिले, आणि तिथेही ते मुलांच्याच उपयोगी पडले असतील.

त्या मुलीचे मात्र एक वर्ष गेले. ती विमानतळावर एका खाद्यपदार्थांच्या दुकानात कामाला लागली. वर्षभरात तिने थोडे साठवले, थोडे आम्ही जमवले, आणि पुढच्या वर्षी तिने प्रवेश घेतला. कुणी म्हणेल, तिने कमावून शिकले, ताठ मानेने शिकले. भाऊरावांच्या वाटेने गेली. मी असे म्हणू धजत नाही. ते वर्ष तिचे होते, माझे नव्हते. आणि ते आमच्या मतांनी गेले. तिला विचारले असते तर ती व्यासपीठावर चढायला तयार झाली असती का? कदाचित झाली असती. पण विचारणे हेच तिची मूठ उघडणे होते, म्हणून आम्ही विचारले नाही. माझे एक मत त्या तिसऱ्या रांगेतल्या मुलीच्या बाजूने पडले आणि त्याची किंमत दुसऱ्याच एका मुलीने भरली, असे कधी कधी रात्री वाटते.

२०२४ च्या दसऱ्याला वही वाचायची पाळी माझी होती. मंडपात पन्नासेक माणसे असतील. मी जमा वाचली, मग खर्च. 'फी, परिचारिका अभ्यासक्रम: मोपा, एक.' माझा आवाज किंचित अडला असावा. कुणी काही विचारले नाही. वाचन संपल्यावर लोक सह्या करायला पुढे आले. त्यांत त्या मुलीची आईही होती. ती दरमहा वीस रुपये देते. जमेच्या पानावर तिच्या वाड्याच्या रकमेत ते मिसळलेले असतात. तिने पेन मागितले, सावकाश, अक्षर लावत सही केली आणि वही पुढच्या माणसाकडे सरकवली.

मी तिच्या सहीकडे पाहिले. चेहऱ्याकडे पाहण्याचे मला धैर्य झाले नाही.